दगडी नखाची तलंग

एका राज्यात, एका सकाळी, धुकं असं दाटलं होतं की सुपात घेऊन पाखडावं. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. अंगणात उभ्या माणसाला स्वतःचं कुंपण दिसत नव्हतं, आणि सूर्य वर कुठेतरी, राखेत पुरलेल्या निखाऱ्यासारखा, नुसता असल्यासारखा होता. ऐकणाऱ्यांनो, हे एका सकाळचं धुकं नव्हे. तीन वर्षं ते उठलंच नव्हतं.

त्याचं असं झालं. त्या राज्याचा राजा चंडवर्मा एका लढाईहून परतताना खापरनाथ मांत्रिकाच्या माळावर मुक्कामाला उतरला. पहाटे मांत्रिकाचा कोंबडा आरवला. राजाची झोप मोडली. राजानं तलवार उपसली आणि कोंबड्याची मान उडवली. खापरनाथ झोपडीतून बाहेर आला, पाखराचं धड मांडीवर घेऊन बसला आणि बोलला:

"राजा, तुझा राग कुणाचा, आणि उतरवलास कुणावर? आता ऐक. तुझ्या राज्यावर धुकं बसेल. ज्याचा राग त्याला सोडून दुसऱ्यावर उतरवाल, तर त्या आवारातला कोंबडा दगड होऊ लागेल, आणि पहिल्यांदा आरवायला जाईल तेव्हा पुरता दगड होईल. कोंबडीला, मादीला, धक्का लागणार नाही. ज्या दिवशी एक कोंबडा पुरता आरवेल, त्या दिवशी धुकं उठेल."

एवढं बोलून खापरनाथ माळावरच्या वारुळात शिरला, आणि वारूळ बुजलं.

राजानं गडावर जाऊन दवंडी पिटवली. दवंडीत मांत्रिकाचं सगळं बोलणं नव्हतं. दवंडी एवढीच होती, की कोंबडा आरवला तर धुकं उठेल, पण रागानं कोंबडे दगड होतात, सबब राज्यात कुणी रागावू नये, आणि राजावर तर मुळीच रागावू नये. जो रागावेल त्याची जीभ छाटली जाईल. राजानं माळावर काय केलं ते मात्र शिपायांच्या तोंडून गावोगाव फिरलं.

मग काय झालं? लोक गोड बोलू लागले. शिपाई दारात आला की "या, बसा, पाणी घ्या" म्हणायचे, आणि तो वळला की बैलाच्या पाठीत काठी घालायचे. राजाचा सारा भरून घरी यायचे आणि बायकोचं ताट भिरकावायचे. पोटात घातलेला राग काही पचत नाही. वाट फुटेल तिकडून तो निघतो. आणि आवारातले कोंबडे, मान ताठ करून, चोच उघडून, आरवता आरवता दगड व्हायचे. इतके झाले, की लोक ते छपरावर ठेवायचे, कधी वारा सुटलाच तर गवत उडू नये म्हणून. मग अंडी फळायची कशी, असं कुणी विचारील. आरवण्याआधी कोंबड्याला जे थोडे दिवस मिळतात त्यात तो आपलं काम उरकतो. त्या कामाला त्याला घाई असतेच.

त्या राज्यात ओढ्याकाठी रायाजी बुरूड राहायचा. सुपं, टोपल्या, कोंबड्या झाकायची डाली विणायचा. हात कसबी, आणि डोकं तापलेल्या तव्यासारखं. बांबू चिरला नाही की बांबूवर चिडायचा, चिरला की कोयत्यावर. त्याच्या छपरावर दगडी कोंबड्यांची रांगच होती.

पण त्याच्या रागाला कारण होतं. त्याचा एकुलता एक मुलगा येसू डाली विकायला बाजाराला गेला तो धुक्यात हरवला. ओढ्यापलीकडे गेलेल्या माणसाला त्या धुक्यात वाट सापडत नसे. मरत नसे तो, हिंडत राहायचा. कधी सकाळी, कधी दिवेलागणीला, धुक्यातून येसूची हाक यायची: "आबा, कोणत्या अंगाला?"

रायाजी धावत ओढ्यावर जायचा. "इकडं, बाळा! इकडं!" म्हणून घसा फोडायचा. पण धुकं आवाज फिरवायचं, आणि पुढची हाक भलत्याच दिशेनं, लांबून यायची. मग रायाजी घरी येऊन पाण्याचा माठ फोडायचा. असे किती माठ फुटले ते कुंभाराला माहीत.

रायाजीच्या शेजारी ठकूबाई राहायची, फुटाणे भाजणारी. नवरा गेलेला, जीभ शाबूत. तिची काळी कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली तेव्हा रायाजीनं एका डाल्याच्या बदल्यात तीन अंडी आणली आणि तिच्याखाली ठेवली. त्या गावचा रिवाज असा, की ज्याची कोंबडी त्याच्या तलंगा, ज्याची अंडी त्याचे कोंबडे. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. वाटणी पिल्लं कळती झाल्यावर व्हायची, तोवर ती दोघांची.

दोन अंडी कुजकी निघाली. तिसऱ्यातून एकच पिल्लू आलं, पिवळं, पाठीवर काळा पट्टा. धुक्याच्या त्या सकाळी ते डाल्याखाली चिवचिवत होतं आणि रायाजी त्याच्यासमोर उकिडवा बसला होता.

"कोंबडा आहे हा," रायाजी म्हणाला.

"डोळ्यांनी दिसतो की मनानं?" ठकूबाईनं कुंपणावरून विचारलं. "भावजी, काल फुटलेलं पिल्लू ते. ते स्वतःला अजून अंडंच समजत असेल."

"मला कोंबडा पाहिजे, वहिनी! हा आरवला तर धुकं उठेल. माझं पोरगं घरी येईल."

"मला काय तुमचं पोरगं नकोय? माझ्याच ओसरीवर फुटाणे खाऊन वाढलंय ते. पण हवा म्हणून कोंबडा होत नाही."

रायाजीचं रक्त उसळलं. त्यानं डाल्यावर थाप मारली, उठला आणि खापरनाथाच्या माळाकडे निघाला. माळ ओढ्याच्या अलीकडे होता. बुजलेल्या वारुळापाशी एक टिटवी राहायची. आभाळ पडलं तर तोलता यावं म्हणून ती पाय वर करून उताणी निजलेली होती. ती माणसासारखी बोलायची. मांत्रिकाच्या शेजाराला राहून तिला ती सवय लागली होती.

"टिटवे," रायाजी म्हणाला, "पिल्लू कोंबडा की तलंग, कसं ओळखावं?"

"परीक्षा तीन आहेत," टिटवी म्हणाली. "पहिली. वारुळावर बाभूळ आहे, तिचा काटा आण. घोड्याच्या शेपटीचा केस त्याला बांध. पिल्लाच्या डोक्यावर काटा लोंबकळू दे. सरळ झुलला तर कोंबडा, गोल फिरला तर तलंग."

बाभळीला हात लावला की ती ओरडायची. ती ओरडली, रायाजीनं काटा तोडला. केसासाठी तो शिपायांच्या पागेत गेला, घोड्यानं लाथ मारली, ती खाल्ली. घरी येऊन काटा धरला. काटा गोल फिरला.

"खोटं!" रायाजी ओरडला, आणि परत माळावर गेला.

"दुसरी," टिटवी म्हणाली. "पिल्लाला पायांनी उलटं धर. मान वर उचलली तर कोंबडा, लोंबती सोडली तर तलंग. पण हात भुकेल्या माणसाचा पाहिजे."

रायाजीनं उपास धरला. पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा पिल्लाला उलटं धरलं. पिल्लानं मान उचलली आणि त्याच्या अंगठ्याला टोचलं.

"कोंबडा!" रायाजी म्हणाला.

"काट्यानं तलंग म्हटलं होतं ना?" ठकूबाई म्हणाली. "आता बैल कुठला आणि गाय कुठली, तेही काट्याला विचारा."

रायाजी दात खात तिसऱ्यांदा माळावर गेला.

"तिसरी," टिटवी म्हणाली. "मांत्रिकाच्या विहिरीत पिल्लाचं पीस टाक. बुडलं तर कोंबडा, तरंगलं तर तलंग. विहिरीवर नाग आहे. त्याला वाट विचारावी, मग तो वाट देतो."

नागाला रायाजीनं वाट विचारली. नाग सरकला. पीस पाण्यात पडलं, आणि बुडलं नाही, तरंगलंही नाही. काडीसारखं उभं राहिलं.

"म्हणजे काय?" रायाजी गरजला.

"म्हणजे पाण्याला ठाऊक नाही," टिटवी म्हणाली.

"आणि तुला?"

"मलाही नाही. लोक परीक्षा सांगतात, त्या मी सांगितल्या. खरं विचारशील तर पिल्लाला मोठी पिसं फुटू दे. शेपटीच्या बुडाशी, पाठीवर बघ. पिसं लांब, टोकदार, लोंबती आली तर कोंबडा. आखूड, गोल आली तर तलंग. तोवर थांब."

"थांबू? माझं पोरगं तिकडं धुक्यात वाट विचारतंय, आणि मी थांबू? हे आधी का नाही बोललीस?"

"तू थांबायचं विचारलं नव्हतंस. आणि बुरडा, आणखी एक ऐक. मांत्रिक बोलला तेव्हा मी इथे होते. दवंडीवाला नव्हता. मांत्रिक म्हणाला होता, ज्याचा राग त्याला सोडून..."

पण रायाजी वळलाच होता. पायाखालची ढेकळं तुडवत तो घरी आला. ठकूबाई कुंपणाशी कणसं सोलत बसली होती. तिच्याकडे त्यानं बघितलं नाही. अंगणात डालं होतं, डाल्याखाली पिल्लू होतं. त्यानं डाल्याला लाथ घातली. डालं कलंडून कुंपणाला आपटलं. पिल्लू चिरकून चुलीच्या राखेत पडलं. रायाजी घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

थोड्या वेळानं दारातून ठकूबाईचा आवाज आला. पिल्लू तिच्या पदरात होतं.

"भावजी, तलंग आहे ही. मी पारखली. रिवाजानं माझी आहे, मी नेते."

"ने!" रायाजी भिंतीला म्हणाला. "तलंग ने, काळी ने, माझं छप्पर पण उचलून ने!"

"छपरावर ओझं फार आहे," ठकूबाई म्हणाली आणि गेली.

दिवस गेले. ठकूबाईनं पिल्लाचं नाव चिमणी ठेवलं. ती त्याला फुटाण्यांचा चुरा घालायची आणि घरातच ठेवायची. रायाजी अंगणात बसून टोपल्या विणायचा, आणि कुंपणापलीकडून एक आवाज त्याच्या कानावर यायचा: टक, टक, टक. चिमणी शेणानं सारवलेल्या ओसरीवर चालताना तिच्या एका पायाचा आवाज यायचा. कोंबडीच्या पायाचा असा आवाज येत नाही. रायाजी त्या आवाजावर चिडायचा, पण कशाचा आहे ते बघायला उठायचा नाही. जी आपली नाही तिच्याकडे बघायचं कशाला?

एका सकाळी ठकूबाई ओढ्यावर गेली होती आणि दार उघडं राहिलं. चिमणी कुंपणाच्या फटीतून रायाजीच्या अंगणात आली. बांबूच्या ढिगावर चढली. छाती पुढे, मान ताठ. तुरा लाल, जाड. आणि शेपटीच्या बुडाशी, पाठीवरून, लांब, टोकदार, चकचकीत पिसं दोन्हीकडे लोंबत होती.

रायाजीच्या हातातला कोयता पडला.

ठकूबाई घागर घेऊन आली ती जागीच थबकली.

"वहिनी," रायाजी म्हणाला, "ही तलंग नव्हे."

"नव्हे."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"तुम्ही लाथ घातलीत त्या दिवसापासून. पायाचं मागचं नख बघा."

रायाजीनं बघितलं. मागचं नख दगडाचं होतं, करडं, खरबरीत. त्याचाच तो टक टक आवाज.

"तलंग दगड होत नाही, भावजी. नख दगड झालेलं राखेत दिसलं, आणि मी ओळखलं, कोंबडा आहे. काटा नको, पाणी नको."

"आणि मला खोटं सांगितलंस! माझा कोंबडा! माझ्या पोराची वाट अडवून बसलीस, आणि वर फुटाणे चारलेस!"

"चारले. तुमच्याकडे राहता तर आज तो त्या रांगेत बसला असता." तिनं छपराकडे बोट केलं. "हवं तर जीभ छाटा माझी. पण आधी त्याचा पाय बघा."

रायाजीनं हात उगारलेला होता. त्यानं पाय बघितला. नखावरून करडेपणा बोटात चढत होता, बोटावरून पायात. कोंबडा जड झालेला पाय उचलू बघत होता आणि उचलत नव्हता.

रायाजीनं हात खाली घेतला. तो बांबूवर मटकन बसला.

"मग मी रागावू कुणावर?" तो म्हणाला. "वहिनी, हा राग माझ्या पोटात आहे तो आहेच. तो मी ठेवू कुठं?"

"ज्याचा आहे त्याला द्या," ठकूबाई म्हणाली. "मला नका देऊ, मी पुष्कळ घेतला. ह्या मुक्याला नका देऊ. कुणाचा आहे तो?"

रायाजीला टिटवीचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. ज्याचा राग त्याला सोडून. त्यानं वाकून कोंबड्याचा जड पाय तळहातावर घेतला.

तेवढ्यात धुक्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. राजाचे शिपाई ओढ्याच्या अलीकडे गावोगाव कोंबडे हुडकत हिंडत. सापडला की गडावर नेत, आणि गडावर तो दगड होई, कारण गडावर राजा होता. त्या दिवशी राजा स्वतःच आला. भाले आधी दिसले, मग घोडा, मग राजा. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. माळावरच्या त्या पहाटेपासून त्याला झोप नव्हती.

"कोंबडा आहे?" राजानं विचारलं.

"आहे, महाराज," ठकूबाई म्हणाली.

"गडावर घ्या."

शिपाई पुढे झाला. रायाजी उठून कोंबड्यापुढे उभा राहिला. गोड बोलायचा रिवाज होता. शिपाई वाट बघत होते की आता हा "या, बसा" म्हणेल.

"महाराज," रायाजी म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलोय."

शिपायांनी कानांवर हात ठेवले. एका भाल्याचं टोक रायाजीच्या गळ्याला लागलं. रायाजी ओरडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो रागानं हळू बोलला.

"तुम्ही एक पाखरू मारलंत, आणि त्याची भरपाई आमच्याकडून घेतलीत. धुकं तुमचं, आणि पोरगं माझं हरवलं. वर म्हणालात, रागावू नका. मी बांबूवर रागावलो. माठावर रागावलो. ह्या बाईवर रागावलो, जिनं माझ्या पोराला फुटाणे घातले. ह्या मुठीएवढ्या पिल्लाला मी लाथ घातली, महाराज. त्यातला एक राग त्यांचा नव्हता. सगळा तुमचा होता. तो मी आज तुम्हाला आणून दिलाय. घ्या."

कोंबड्याच्या पायावरचा करडा रंग उतरू लागला. पायातून बोटात आला, बोटातून नखात.

राजाचा चेहरा लाल झाला. त्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. आणि तो रंग पुन्हा चढू लागला, भराभर, पायावरून मांडीत.

"महाराज, पायाकडे बघा!" ठकूबाई ओरडली.

राजानं बघितलं. तलवार निम्मी म्यानाबाहेर होती.

"मी माझा राग ओळखला," रायाजी म्हणाला. "आता तुम्ही सांगा. त्या पहाटे माळावर तुमचा राग कुणावर होता? कोंबड्यावर?"

घोड्यानं मान झटकली. राजा बोलला, आणि त्याचं बोलणं कसंबसं ऐकू आलं.

"नाही. मी रणातून पळून आलो होतो. माणसं मागे टाकून. ते आरवलं, आणि मला वाटलं, ते मला हसतंय. माझा राग माझ्यावर होता."

त्यानं तलवार पुन्हा म्यानात सारली.

दगडी नख कोंबड्याच्या पायावरून गळून पडलं. टक. खाली कोवळं, पांढरं नवं नख होतं. कोंबड्यानं पाय उचलला, पंख फडफडवले, मान लांब केली आणि आरवला. पहिलंच आरवणं ते. मध्येच चिरकलं, फाटलं, पण अर्ध्यावर सोडलं नाही त्यानं, पुरतं केलं.

रायाजीच्या छपरावर हालचाल झाली. रांगेतला पहिला दगडी कोंबडा अंग झाडत उठला आणि आरवला. मग दुसरा. मग सगळ्या गावच्या छपरांवरून, मग ओढ्यापलीकडच्या गावांतून, मग गडावरून. छपरावरची ओझी उडून गेली आणि गवत वाऱ्यावर निघालं, कारण वारा सुटला होता. धुकं मधोमध फाटलं. ऊन खाली आलं. तीन वर्षं ज्यांनी ऊन पाहिलं नव्हतं अशी पोरं डोळ्यांवर हात धरून रडू लागली.

राजा घोड्यावरून उतरला. त्यानं आधीची दवंडी तिथेच मोडली आणि नवी सांगितली, की ज्याला राजावर राग असेल त्यानं गडावर यावं, दार उघडं राहील. मग तो एकटा, पायी, खापरनाथाच्या माळाकडे गेला आणि बुजलेल्या वारुळापाशी बसून राहिला. टिटवी सांगते, त्या दुपारी तो तिथेच झोपला, आणि तिनं आभाळ तोलायचं काम पहिल्यांदा थोडा वेळ बाजूला ठेवलं.

रायाजी ओढ्याकडे तोंड करून उभा होता. पलीकडच्या चढावर वाट दिसत होती, लाल, स्वच्छ. त्या वाटेवर माणसं होती, कुणी इकडे, कुणी तिकडे, ज्याच्या त्याच्या गावच्या कोंबड्याच्या रोखानं चालणारी. त्यांतल्या एकाच्या खांद्यावर काळी पडलेली डाली होती, एकात एक घातलेली.

"आबा!" तो ओरडला. ह्या वेळी त्यानं वाट विचारली नाही.

रायाजीला धावत जायचं होतं. पाय हलेनात. हातात नुसतं ते गळलेलं दगडी नख होतं, कधी उचललं ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

ठकूबाईनं घागर खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि कोपरानं त्याला ढोसलं.

"अहो भावजी, तुम्ही पण दगड झालात की काय? जा पुढं, पोरगं उपाशी असेल, मी अंडी फोडते. आणि ऐका, काळी पुन्हा खुडूक बसलीय. ह्या खेपेला तलंगा तुमच्या, कोंबडे माझे."